वाढीव हमी आणि भाड्याची स्तुती

गेल्या उन्हाळ्यात बेळगाव तालुक्यातील एका खेड्यातील गृहिणी कागदांची पिशवी घेऊन आमच्याकडे आल्या. त्यांच्या घरचा फ्रीज बंद पडून आठ दिवस झाले होते. फ्रीज म्हणजे श्रीमंतीचा थाट असे काही जण अद्याप मानतात. परंतु या घरी तो सासूबाईंच्या इन्सुलिनसाठी घेतलेला होता. आता मडक्याभोवती ओले फडके गुंडाळून त्यात ती औषधाची कुपी ठेवण्याची पाळी आली होती. परदेशी नोकरीस असलेल्या मुलाने पाठविलेल्या पैशांतून फ्रीज आला, आणि त्याबरोबर अडीच हजार रुपये जादा भरून तीन वर्षांची वाढीव हमीही आली. खरेदीस अवघे वीस महिने झालेले. कारागिराने पाहणी केली, आतील बोर्ड जळाला आहे असे सांगितले आणि विजेचा दाब कमी-जास्त झाल्यामुळे हे घडले, ते हमीत बसत नाही, असे म्हणून साडेचार हजार रुपये मागितले. ‘कागद तर आहे, मग पैसे कशाचे?’ एवढाच त्या माउलीचा प्रश्न होता.

प्रश्न साधा, उत्तर मात्र तितके साधे नाही. आपल्यापैकी अनेकांच्या घरी असे कागद कपाटात पडून असतील, म्हणून त्याचा येथे थोडा विचार करू.

हमी किती प्रकारची?

पहिली हमी कायद्याची. १९३० च्या मालविक्री कायद्यानुसार, व्यापाऱ्याने विकलेला माल साधारणपणे ज्या कामासाठी घेतला जातो त्या कामाचा असला पाहिजे. तिच्यासाठी वेगळा पैसा द्यावा लागत नाही. दुसरी हमी कारखानदाराची. ती किमतीतच धरलेली असते आणि बहुधा एक वर्षाची असते. फ्रीजच्या जाहिरातीत मोठ्या अक्षरांत ‘दहा वर्षे’ असे छापलेले आढळते, तेव्हा ती दहा वर्षे बहुतेक वेळा केवळ कॉम्प्रेसर या एका भागापुरती असतात. गॅस भरणे, कारागिराची मजुरी, येण्याजाण्याचा आकार हे सारे त्यात येतेच असे नाही.

तिसरी ही वाढीव हमी, जिला दुकानात एक्स्टेंडेड वॉरंटी म्हणतात. ही देणगी नव्हे. ती पैसे मोजून विकत घेतलेली वेगळी सेवा होय. पुष्कळदा ती फ्रीज बनविणाऱ्या कंपनीची नसते, दुकानदाराचीही नसते. तिसऱ्याच कोणा कंपनीची असते. यास्तव कागद हाती पडताच पहिला प्रश्न विचारावा तो हा, की उद्या यंत्र बिघडले तर उत्तर द्यावयाचे कोणी?

दुसरा प्रश्न काळाचा. त्या गृहिणींचा कागद आम्ही नीट वाचला, तेव्हा ‘तीन वर्षे’ यांत कारखानदाराचे पहिले वर्ष मोजलेले आढळले. म्हणजे पैसे भरून मिळालेली खरी मुदत दोनच वर्षांची. तिसरा प्रश्न वगळलेल्या गोष्टींचा. विजेच्या दाबातील चढउतार, उंदरांनी कुरतडलेल्या तारा, गंज, दाराचे रबर, फुटलेले प्लास्टिक अशी नावे शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत असतात. आणि आपल्या खेड्यांत यंत्रे बिघडतात ती प्रामुख्याने याच कारणांनी! चौथा प्रश्न ग्राहकाच्या कर्तव्यांचा. ठराविक दिवसांत नोंदणी करावी, बिल जपावे, बाहेरच्या कारागिराकडून यंत्र उघडवू नये, अशा अटी असतात. घाईने गावच्या ओळखीच्या कारागिरास हात लावू दिला आणि हमी बुडाली, असे घडू शकते.

हे चार प्रश्न दुकानातच, पैसे मोजण्यापूर्वी विचारावेत. ‘सगळे बसते हो’ हे तोंडी आश्वासन कागदावर लिहून मागावे. जो लिहून देण्यास कचरतो, त्याच्या शब्दाचे वजन तेथेच कळते.

स्तुती कोणाची?

त्या मुलास आम्ही दूरध्वनीवरून विचारले, ही हमी घ्यावी असे तुला कशावरून वाटले? तो म्हणाला, ‘मी आधी मोबाईलवर बघितलं होतं. हजारो लोकांनी पाच-पाच तारे दिले होते.’ मुलाने चौकशी केली हे योग्यच झाले. परंतु आम्ही तो मजकूर उघडून वाचला, तेव्हा बहुतेक स्तुती खरेदीच्याच आठवड्यात लिहिलेली दिसली. ‘कागद लगेच मिळाला’, ‘फार छान’, ‘एकदम उत्तम’. आता विचार करा, छत्री विकत घेतलेल्या दिवशी कोरड्या उन्हात केलेली तिची स्तुती काय कामाची? पावसात ती गळते की नाही, हे पावसातच कळावयाचे. वाढीव हमीची परीक्षा दुसऱ्या वा तिसऱ्या वर्षी, यंत्र बिघडल्यावर होते. म्हणून ज्याने तक्रार केली, कारागीर आला आणि पुढे काय झाले ते लिहिले, त्याचाच अभिप्राय वाचण्याजोगा.

शिवाय स्तुती भाड्याचीही असते. वस्तूच्या खोक्यात चिठ्ठी घालून ‘पाच तारे द्या आणि पैसे परत मिळवा’ असे आमिष दाखविले जाते. त्यामुळे ‘खरेदी पडताळली’ असा शिक्का असला तरी मत विकत घेतलेले नसेल असे नाही. एकाच दोन दिवसांत स्तुतीचा पूर यावा, निरनिराळ्या नावांखाली तेच ते शब्द यावेत, लिहिणाराने जन्मात सर्व वस्तूंना पाचच तारे दिलेले असावेत, किंवा फ्रीजच्या पानावर मिक्सरची वाखाणणी आढळावी, तेव्हा सावध व्हावे.

मात्र निंदा असली म्हणजे ती खरीच, हाही भ्रम होय. प्रतिस्पर्धी व्यापारीही निंदा लिहवून घेऊ शकतो. शिवाय ज्याचे काम बिनबोभाट झाले तो गप्प बसतो आणि ज्याचे अडले तोच लिहावयास बसतो. त्यामुळे तक्रारींची नुसती संख्या पाहून निर्णय करू नये. खऱ्या तक्रारीस हाडमांस असते. वस्तूचा नमुना कोणता, केव्हा घेतली, काय बिघडले, किती वेळा कळविले, काय उत्तर आले, शेवट काय झाला, हे तीत सापडते. पाच ताऱ्यांची आणि एका ताऱ्याची मते थोडी बाजूस ठेवून मधली, दोन-तीन-चार ताऱ्यांची मते वाचावीत. तेथे बरेवाईट दोन्ही सांगणारी माणसे अधिक भेटतात. आणि शेजारच्या ज्या घरी तेच यंत्र तीन वर्षे चालले आहे, तेथे जाऊन विचारण्याची जुनी रीत अजूनही सर्वांत स्वस्त आणि खात्रीची आहे.

दाद कोठे मागावी?

कायदा याबाबतीत अगदीच झोपलेला नाही. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी विक्रेत्याने ग्राहकाचे सोंग घेऊन अभिप्राय लिहिण्यास मनाई केली. २०२२ साली भारतीय मानक ब्यूरोने अशा अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक काढले. ते त्या वेळी ऐच्छिक ठेवण्यात आले. अमेरिकेतही २०२४ मध्ये खोटे अभिप्राय विकणे व विकत घेणे यांवर बंदीचा नियम आला. नोव्हेंबर २०२३ मध्ये आपल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फसव्या मांडणीचे १३ प्रकार निषिद्ध ठरविले. ग्राहकाच्या संमतीवाचून त्याच्या यादीत न मागितलेली सेवा घुसडणे हा त्यांतलाच एक. म्हणून मोबाईलवर खरेदी करताना शेवटच्या बेरजेत वाढीव हमी आपोआप तर चढली नाही ना, हे पाहावे.

हमी नाकारली गेल्यास प्रथम कारण लेखी मागावे. त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनच्या १९१५ या क्रमांकावर कळवावे. तेथे मराठीतही बोलता येते. तेवढ्याने न भागल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये, दुकान वा कंपनी कोठेही असो, आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि वकील दिलाच पाहिजे असेही नाही.

एक धोक्याची सूचना. कंपनीचा क्रमांक मोबाईलवर सहज शोधू नये. भामटे तेथे आपलेच क्रमांक पेरून ठेवतात. क्रमांक बिलावरून अथवा हमीच्या कागदावरूनच घ्यावा. समोरच्याने एखादे ॲप उतरवून घ्यावयास सांगितले किंवा ओटीपी विचारला, तर तत्काळ बोलणे थांबवावे. पैसे गेलेच तर वेळ न दवडता १९३० या क्रमांकावर कळवावे.

त्या गृहिणींच्या वतीने आम्ही कंपनीकडे एवढेच लेखी विचारले की, विजेच्या दाबानेच बोर्ड जळाला हे कारागिराने कोणत्या तपासणीवरून ठरविले? त्यास उत्तर आले नाही. मग १९१५ वर तक्रार नोंदविली. बारा दिवसांनी दुसरा कारागीर आला, त्याने बोर्ड बदलला, आणि केवळ येण्याचा आकार घेऊन गेला. इन्सुलिनची कुपी मडक्यातून पुन्हा फ्रीजमध्ये गेली. निघताना त्या म्हणाल्या, ‘कागद घेताना वाचला असता तर एवढं पळावं लागलं नसतं.’

त्यांना दोष देण्याचे आमच्या मनात आले नाही. तो कागद इंग्रजीत, बारीक अक्षरांत होता, आणि आपण तो वाचू नये अशीच जणू त्याची रचना होती. परंतु प्रत्येक घरात आता शिकलेले एखादे मूल आहे. पुढच्या वेळी घरात नवे यंत्र येईल, तेव्हा त्या मुलास शेजारी बसवून शेवटचे पान मोठ्याने वाचून घ्यावे. त्यास अर्धा तास लागेल. बिल आणि तो कागद एकत्र बांधून घरातील सर्वांस ठाऊक असलेल्या जागी ठेवावेत. आणि ज्या वस्तूने आपणांस खरोखर चांगला वा वाईट अनुभव दिला, तिच्याविषयी दोन खरी वाक्ये आपणही लिहावीत. कोणी अनोळखी आई आपल्या घरासाठी तीच वस्तू घेण्याच्या विचारात असेल; तिला त्यांचा उपयोग होईल.