विश्लेषण : ऑफिसातली मजा इतरांच्या डोळ्यांत का खुपते?

फुकट जेवण, खेळाची खोली, आठवड्याला दोन सुट्ट्या. नोकरीतल्या या सवलतींवरून अमेरिकेत बसगाड्या अडवल्या गेल्या, फ्रान्समध्ये खटला चालला आणि महाराष्ट्रात 'सरकारी बाबूंची चैन' अशी कुजबुज झाली. केज तालुक्यातून पाहिले तर हा वाद आणखी वेगळा दिसतो.

दिवाळीत केजच्या बसस्थानकावर पुण्याहून चार दिवसांच्या सुट्टीवर आलेली मुले उतरत असतात. त्याच दिवसांत तालुक्यातल्या गावोगावी ऊसतोडीच्या टोळ्या बिऱ्हाड बांधायला घेतात. पारावर कुणाचा तरी मोबाइल हातोहात फिरतो. त्यात हिंजवडीतल्या एखाद्या कंपनीचे रील असते : टेबल टेनिस, रंगीत गाद्या, कॉफीचे यंत्र, केक कापणारी मंडळी. 'ह्याला काम म्हणतेत व्हय?' असे कुणीतरी विचारतेच. सगळे हसतात. ज्याचे रील आहे तोही हसतो, पण रात्री अकरापर्यंत लॅपटॉप उघडा ठेवावा लागतो हे त्यात दिसत नाही, एवढे काही तो सांगत बसत नाही.

हे प्रकरण सुरू कुठून झाले?

एकेकाळी रविवारची सुट्टी हीसुद्धा चैनच समजली जाई. मुंबईच्या गिरण्यांत कामगारांना साप्ताहिक सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली, सभा घेतल्या, अर्ज केले, तेव्हा कुठे १८९० मध्ये रविवार मिळाला. आज रविवारला कुणी सवलत म्हणत नाही.

कॅन्टीनचेही तसेच. १९४८ च्या कारखाने कायद्याने अडीचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कॅन्टीन आणि तीसहून अधिक महिला कामगार असतील तिथे पाळणाघर बंधनकारक केले. म्हणजे ज्याला आज 'कंपनी कल्चर' म्हणून मिरवले जाते, त्यातला बराच भाग आपल्याकडे साध्या कायद्याने येऊन गेलेला आहे.

नवा भाग आला तो अमेरिकेतून. गुगलने १९९९ मध्ये कर्मचाऱ्यांसाठी स्वतःचा आचारी ठेवला. नंतर फुकट जेवण, व्यायामशाळा, मालिश, घरून नेण्या-आणण्याला बस असे सगळे आले. हेतू सरळ होता. हुशार माणूस दुसऱ्या कंपनीत जाऊ नये आणि जेवायला बाहेर पडून त्याचा तास वाया जाऊ नये. याच गुगलने जानेवारी २०२३ मध्ये बारा हजार जणांची कपात जाहीर केली.

मग लोक चिडले कशावर?

डिसेंबर २०१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत आंदोलकांनी गुगलच्या कर्मचाऱ्यांची बस अडवली. काचा काळ्या, आत वायफाय, आणि ही बस थांबत होती सार्वजनिक बसथांब्यावर. घरभाडी वाढत होती, जुने भाडेकरू बाहेर फेकले जात होते, आणि सामान्य माणूस ज्या थांब्यावर ताटकळत उभा राही तोच थांबा या गाड्या फुकट वापरत होत्या. पुढे महापालिकेने थांब्याच्या वापरासाठी शुल्क लावले.

२०१८ मध्ये माउंटन व्ह्यू शहराचा एक नियम गाजला. तिथल्या नव्या संकुलात फेसबुकला कर्मचाऱ्यांना पूर्ण फुकट जेवण देता येणार नव्हते. कारण असे, की हजारो माणसे आतच जेवली तर बाहेरच्या हॉटेलवाल्यांनी करायचे काय? केजच्या तहसीलसमोर चहाची टपरी लावणाऱ्याला हा मुद्दा समजावून सांगावा लागणार नाही.

दुसऱ्याला जेवण मिळते याचा राग क्वचितच येतो. ते जेवण आपल्या जागेतून, आपल्या वेळेतून किंवा आपल्या गिऱ्हाइकातून येते असे वाटले, की मात्र येतो.

महाराष्ट्रात असे कधी घडले?

आपल्याकडचे सर्वांत मोठे उदाहरण सरकारी आहे. १२ फेब्रुवारी २०२० रोजी राज्य मंत्रिमंडळाने पाच दिवसांचा आठवडा मंजूर केला आणि २९ फेब्रुवारीपासून तो लागू झाला. त्याआधी दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी असे. आता सगळेच शनिवार सुट्टीचे झाले आणि त्या बदल्यात कामाचा दिवस ४५ मिनिटांनी वाढला : सकाळी पावणेदहा ते संध्याकाळी सव्वासहा.

सरकारने तेव्हा हिशेब मांडला होता. आधी वर्षाला सरासरी २८८ दिवस आणि २,०८८ तास काम होत असे. आता २६४ दिवस आणि २,११२ तास होणार. म्हणजे दिवस २४ ने घटले, पण तास २४ ने वाढले. आकडे कर्मचाऱ्यांच्या बाजूचे आहेत आणि 'बाबू कमी काम करणार' ही ओरड कागदावर तरी टिकत नाही.

तरीही लोकांची कुरबुर अगदीच खोटी म्हणता येत नाही. नांदूरघाट, आडस किंवा बनसारोळ्याहून फेरफाराच्या कामाला केजला येणाऱ्या माणसाचा दिवस एसटीच्या वेळेवर ठरतो. तो अकराच्या सुमारास पोहोचतो आणि परतीची गाडी चुकू नये म्हणून पाचलाच निघायचे बघतो. वाढवलेली ती ४५ मिनिटे दिवसाच्या दोन टोकांना आहेत आणि त्या वेळी तो तिथे नसतोच. त्याच्या लेखी कार्यालय तासांनी उघडे नसते, दिवसांनी असते. आणि दिवस तर २४ ने कमी झाले. शुक्रवारी 'साहेब मीटिंगला गेलेत' असे उत्तर मिळाले, की थेट सोमवार. एक मजुरी बुडालेली असते, दुसरी बुडणार असते.

दोन्ही बाजू आपापल्या हिशेबाने बरोबर आहेत, म्हणूनच हा वाद मिटत नाही.

एक गोष्ट मात्र रागाच्या भरात विसरली जाते. पोलीस, सरकारी दवाखाने, शाळा यांना या निर्णयातून वगळले होते. शनिवारी रुग्णालयात ड्युटी करणाऱ्या परिचारिकेलाही लोक 'तुमचं बरंय, सरकारी नोकरी' हेच ऐकवतात.

बाजारपेठेतल्या दुकानांतल्या पोरांचे काय? राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने आठवड्याची सुट्टी, वर्षाला आठ दिवस पगारी किरकोळ रजा, शंभर कामगार असतील तिथे कॅन्टीन अशा तरतुदी केल्या. पण तो दहा किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणांसाठी. सप्टेंबर २०२५ मध्ये ही मर्यादा वीसवर नेण्यास मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. तीन-चार पोरे ठेवणारे कापडाचे किंवा खताचे दुकान दोन्ही मर्यादांच्या बाहेरच राहते.

ज्यांना सवलत मिळते, ते तरी खूश असतात का?

नेहमी नाही. पॅरिसमधल्या क्युबिक पार्टनर्स या सल्लागार कंपनीने २०१५ मध्ये एका कर्मचाऱ्याला काढले. त्याच्यावरचा एक आक्षेप असा, की तो कंपनीच्या 'मजा' संस्कृतीत मिसळत नाही. ही मजा म्हणजे दारूच्या पार्ट्या, एकमेकांना ठेवलेली टोपणनावे वगैरे. नोव्हेंबर २०२२ मध्ये फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल कर्मचाऱ्याच्या बाजूने दिला. मजेत सामील न होणे हा त्याच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे आणि त्यासाठी नोकरीवरून काढता येत नाही, असे न्यायालय म्हणाले.

केज तालुक्याला सक्तीच्या मजेचे नवल नाही. विडा गावात धुळवडीला जावयाला गाढवावर बसवून मिरवण्याची प्रथा गेल्या आठ-नऊ दशकांपासून आहे. सण जवळ आला, की जावई दडी मारतात आणि गावकरी त्यांना शोधून आणतात. शेवटी कपड्यांचा आहेर आणि अंगठी मिळते, शिवाय वर्षातून एकच दिवस, म्हणून जावई सोसतो. ऑफिसातले गाढव दर शुक्रवारी तयार असते आणि अंगठीचे काही खरे नसते.

केजच्या दृष्टीने मूळ प्रश्न कोणता?

२०१७ मध्ये कल्चर मशीन या मुंबईच्या डिजिटल मीडिया कंपनीने महिला कर्मचाऱ्यांना पाळीच्या पहिल्या दिवशी पगारी रजा जाहीर केली. २०२० मध्ये झोमॅटोने वर्षाला दहा दिवसांपर्यंत अशी रजा दिली. बायकांनाच जास्तीची रजा का, यावर तेव्हा बराच काथ्याकूट झाला.

या दोन घोषणांच्या मधल्या काळात, २०१९ मध्ये, बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न पुढे आला. सरकारने समिती नेमली. ८२,३०९ महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. कारणे अनेक होती. त्यातले वारंवार सांगितले गेलेले एक म्हणजे खाडा.

ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून हंगामाआधी उचल घेतलेली असते आणि ती ऊस तोडून फेडायची असते. एक दिवस कामावर गेले नाही, तर मजुरी बुडतेच, वर दंडही लागतो. तो खाडा. ताप, पाळी, बाळंतपण, कारण काहीही असो. मुंबईच्या ऑफिसात ज्या दिवसाला पगारी रजा मिळते, त्याच दिवसाचे पैसे उसाच्या फडात कापले जातात. या दोन गोष्टी एकाच राज्यात, दोन-चार वर्षांच्या अंतराने घडल्या, आणि चर्चा मात्र टेबल टेनिसची होते. पारावरच्या 'ह्याला काम म्हणतेत व्हय?' या प्रश्नामागे हे सगळे असते, विचारणाऱ्याला ते तसे मांडता आले नाही तरी.

साखर कारखान्यात कायद्याने कॅन्टीन असते. पण तोडणी कामगार मुकादमामार्फत आलेला, कारखान्याच्या हजेरीपटावर त्याचे नाव नसते. ऊस भरलेली गाडी गव्हाणीवर रिकामी व्हायला कधी कधी रात्र जाते. मालकीण कोपीवर भाकरी थापून ठेवते, आणि पहाटे फडात जायची वेळ ठरलेलीच असते.