मुक्तस्रोत मार्गदर्शनपर लेखनाविषयी काही रूढ गैरसमज

ज्या संगणकीय आज्ञावल्या कोणालाही वाचता, बदलता आणि वाटता येतात त्यांना आपण मुक्तस्रोत म्हणतो. परंतु त्यांच्या जोडीला जे मार्गदर्शनपर लेखन असावे लागते, म्हणजे प्रणाली कशी बसवावी, अमुक आज्ञा दिली असता काय घडते, न घडल्यास कोठे पाहावे, त्याविषयी मात्र जाणत्यांच्याही मनात असा ग्रह घट्ट बसलेला आढळतो, की ते हौशी मंडळींनी फावल्या वेळात लिहिलेले, कोणी न तपासलेले आणि म्हणून बेभरवशाचे असते.

या ग्रहास अगदीच आधार नाही असे नव्हे. आज्ञावल्या ठेवण्याच्या गिटहब या संकेतस्थळाने २०१७ साली मुक्तस्रोत क्षेत्रातील लोकांची जी पाहणी केली तीत शेकडा ९३ जणांनी अपुऱ्या वा कालबाह्य लेखनाची तक्रार नोंदविली, आणि काम करणाऱ्यांपैकी शेकडा ६० जणांनी आपण असले लेखन क्वचितच करतो किंवा कधीच करीत नाही, अशी कबुली दिली. म्हणजे दुखणे आहे ते लिहिणाऱ्यांच्या तुटवड्याचे. लिहिलेले तपासलेच जात नाही, असे अनुमान त्यावरून निघत नाही.

लिनक्स कर्नेलचेच, म्हणजे लिनक्स प्रणालीच्या गाभ्याचेच, पाहा. तेथील माहितीपर लेखन ‘डॉक्युमेंटेशन’ नावाच्या कप्प्यात खुद्द आज्ञावलीशेजारी नांदते. त्या विभागाचा कारभार जोनाथन कॉर्बेट अनेक वर्षे पाहत आले आहेत. आणि एखादे वाक्य बदलू पाहणाऱ्यासही, मग तो नवशिका असो वा नावाजलेला, आपली दुरुस्ती पॅचच्या, म्हणजे नेमका बदल दाखविणाऱ्या फायलीच्या, रूपाने पाठवून, हे लेखन देण्याचा मला अधिकार आहे अशी ग्वाही देणारी, २००४ पासून प्रचारात असलेली ‘साइन्ड-ऑफ-बाय’ ही ओळ स्वतःच्या नावानिशी खाली लिहावी लागते. मग शहानिशा होते ती शुद्धलेखनाची कमी आणि आशयाची अधिक: एखादे फंक्शन चूक झाली असता ऋण संख्या परत करते असे म्हटले असेल, तर ते खरोखर तसे करते काय? कारण जेथे काहीच लिहिलेले नाही तेथे वाचक मूळ आज्ञावली उघडून पाहतो. जेथे चुकीचे लिहिले आहे तेथे तो निर्धास्तपणे फसतो.

याहून अधिक पसरलेला, आणि माझ्या मते अधिक घातक, गैरसमज असा, की स्वयंसेवेच्या कामाला जितके हात लागतील तितके बरे. डिजिटलओशन ही कंपनी २०१४ पासून दर ऑक्टोबरात ‘हॅक्टोबरफेस्ट’ भरवीत आली. २०२० साली चार पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदलाचे चार अर्ज, दाखल करणाऱ्या पहिल्या ७०,००० जणांस टी-शर्ट, किंवा हवे तर त्याऐवजी त्यांच्या नावे एक झाड, असे जाहीर झाले. आज्ञावलीत हात घालावयाचा तर अभ्यास लागतो, प्रकल्पाची ओळख करून देणाऱ्या रीडमी फायलीत घालावयास तो लागत नाही. सबब लोंढा वळला तो लेखनाकडेच. एका हिंदी यूट्यूब वाहिनीवर अशा अर्जाचे प्रात्यक्षिक दाखविले गेले होते, आणि त्याबरहुकूम रीडमीत ‘अमेझिंग प्रोजेक्ट’ एवढे दोन शब्द घुसडणारे अर्ज धडाधड येऊन पडू लागले. खुद्द एचटीएमएल या वेबपृष्ठांच्या भाषेचे मानक सांभाळणाऱ्यांनाही असल्या निरर्थक अर्जांचा उपद्रव झाला. अर्जदारांत आपल्या देशातील विद्यार्थी पुष्कळ होते, हे नमूद केले पाहिजे. तथापि सारा दोष त्यांच्या माथी मारणे मला न्याय्य वाटत नाही, कारण बक्षीस लावणाऱ्याने संख्या मागितली आणि त्याला संख्या मिळाली. एकेक अर्ज उघडून, वाचून, ‘स्पॅम’ अशी खूण करून बंद करण्याचे काम ज्यांच्यावर येऊन पडले तेही बहुतेक बिनपगारीच होते. ३ ऑक्टोबरलाच नियम पालटले, आणि ज्या प्रकल्पांनी आपण होऊन होकार नोंदविला त्यांच्याकडीलच अर्ज धरले जाऊ लागले.

दर्जा राखावयाचा तर जीभ तिखट हवीच, असे मानणाऱ्यांचाही एक संप्रदाय आहे, आणि लिनक्सचे जनक लिनस टॉर्वाल्ड्स यांच्या जळजळीत पत्रांचा हवाला तो वर्षानुवर्षे देत असे. पण १६ सप्टेंबर २०१८ रोजी खुद्द टॉर्वाल्ड्स यांनी आपल्या वर्तनाबद्दल जाहीर क्षमा मागून काही काळ रजा घेतली, आणि त्याच सुमारास कर्नेलने आचारसंहिता स्वीकारली. तपासणी त्याने सैल झाली नाही. सदोष पॅच अजूनही परत जातात. उलट कटू वागणुकीची किंमत काय, हे वर सांगितलेल्या पाहणीत दिसते: शेकडा १८ जणांनी ती स्वतः सोसली होती, निम्म्यांनी दुसऱ्याच्या बाबतीत पाहिली होती, आणि सोसणाऱ्या-पाहणाऱ्यांपैकी शेकडा २१ जणांनी त्यापायी एखाद्या प्रकल्पाचे काम सोडले होते.

अर्ज फेटाळला जाणे म्हणजे अपमान, हा नवख्यांचा समजही असाच निराधार आहे. ‘हा परिच्छेद जुन्या आवृत्तीवर बेतलेला आहे, तो पर्याय आता काढून टाकला आहे, नवी फाईल पाहून पुन्हा पाठवा’ असे ज्याला कळविले जाते त्याच्यावर तपासनीसाने आपला वेळ खर्ची घातलेला असतो. खरी उपेक्षा होते ती महिनोन्‌महिने निरुत्तर पडून राहिलेल्या अर्जाची, आणि आचारसंहितेच्या कोणत्याही कलमाने तिचे निवारण होत नाही.