थंड हवेच्या गावाची जागा

थंड हवेचे ठिकाण पाहिले की ते गाव तेथे आपोआपच वसले असावे असे वाटते. पण अशा कित्येक गावांची जागा कोणीतरी डोंगर धुंडाळून, उंची मोजून ठरवलेली असते. व्हिएतनाममधील दालात हे गाव असेच ठरवून वसवलेले आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व्हिएतनामवर फ्रेंचांची सत्ता होती. किनाऱ्यावरील दमट उष्मा आणि हिवताप यांनी फ्रेंच सैनिक व अधिकारी बेजार होत. आजाऱ्याला जहाजाने मायदेशी पाठवणे फार खर्चाचे होते. तेव्हा जवळपासच्या डोंगरात आरोग्यधाम उभारावे, असे गव्हर्नर-जनरल पॉल दूमेर यांनी जुलै १८९७ मध्ये मनावर घेतले. जागेसाठी त्यांच्या चार अटी होत्या : उंची निदान १२०० मीटर, पाणी भरपूर, जमीन लागवडीजोगी आणि जाण्यायेण्याची सोय करता येण्याजोगी.

सल्ला विचारला तो डॉ. अलेक्झांडर येर्सिन यांना. १८९४ साली हाँगकाँगमध्ये प्लेगचा जंतू शोधणारे ते हेच. १८९७ सालच्या प्लेगच्या साथीत ते आपले सीरम घेऊन मुंबईलाही आले होते. येर्सिन यांना डोंगर पालथे घालण्याची आवड होती. २१ जून १८९३ रोजी ते लांगबियांग पठारावर पोचले होते. चीड वृक्षांची राने, गवताळ टेकड्या आणि गार वारा असे हे पठार त्यांच्या ध्यानात राहिले होते. त्यांनी तेच सुचवले.

आता १२०० मीटरची अट कशासाठी, ते पाहू. हवा वर चढते तेव्हा तिच्यावरील दाब कमी होतो, ती प्रसरण पावते आणि प्रसरणासाठी लागणारी ऊर्जा स्वतःच्या उष्णतेतून खर्च करते. म्हणून ती थंड होते. सरासरीने दर १००० मीटर उंचीला तापमान सुमारे ६.५ अंश सेल्सिअसने उतरते. किनाऱ्यावरील न्हा त्रांगचे वार्षिक सरासरी तापमान सुमारे २७ अंश आहे. दालातची उंची सुमारे १५०० मीटर. म्हणजे तापमानातील घट ९.७५ अंश आणि उत्तर सुमारे १७ अंश. दालातचे प्रत्यक्ष सरासरी तापमान १८ अंशांच्या आसपास आहे. शाळेतल्या गणिताने उत्तर किती जवळ आले पाहा!

गारव्याचा हिवतापाशी काय संबंध? हा रोग दलदलीतून उठणाऱ्या दूषित हवेने होतो, असे त्या काळी बरेच डॉक्टर मानत. गंमत अशी, की दूमेर यांनी अटी घातल्या त्याच्या पुढच्याच महिन्यात, २० ऑगस्ट १८९७ रोजी, सिकंदराबादला रोनाल्ड रॉस यांना ॲनॉफिलीस डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी दिसला. खरे कारण डास होता. हा परजीवी डासाच्या शरीरात वाढण्यास ठरावीक उष्णता लागते. घातक प्रकारच्या हिवतापाच्या परजीवीला २५ अंशांना सुमारे १२ दिवस पुरतात. २० अंशांना जवळजवळ चार आठवडे लागतात. तितके दिवस फारच थोडे डास जगतात. १६ ते १८ अंशांखाली तर वाढ जवळपास थांबते. म्हणजे कारण चुकीचे धरले होते, तरी उंचीची अट उपयोगी ठरली. मात्र दालातचे १८ अंश हे अगदी सीमेवरचे तापमान. त्यामुळे हिवतापाने या पठाराची पाठ पूर्णपणे सोडली नाही.

पठार ठरले, पण पठारावर नेमके कोठे? प्रथम दांकिया नावाची जागा धरली होती व तेथे प्रायोगिक शेती आणि हवामानाच्या नोंदीही सुरू झाल्या होत्या. पुढे १९०० च्या सुमारास डॉ. एतिएन तार्दिफ यांनी जवळच्याच दालातची शिफारस केली आणि ती मान्य झाली. ही जागा किंचित उंच व अधिक मोकळी होती. काही किलोमीटरांनी काय बिघडते, असे वाटेल. पण निरभ्र रात्री जमीन उष्णता बाहेर टाकून गार होते. तिला लागलेली हवा गार व जड होऊन उतारावरून खोलगट भागात जमते. तेथे धुके धरते, ओल टिकते. उंच मोकळ्या उतारावर ही हवा साचत नाही. म्हणून आरोग्यधामाला नुसती उंची पुरत नाही, भूमीचा आकारही पाहावा लागतो.

एक गोष्ट मात्र चार अटींत कोठेच नव्हती. हे पठार ओसाड नव्हते. येथे लाट या आदिवासी जमातीची वस्ती होती. दालात हे नावही ‘लाट लोकांची नदी’ या अर्थाचे, त्यांच्याच भाषेतले. गाव वसवायचे म्हणजे खालून सामान आणणे आणि रस्ते खोदणे आले. त्यासाठी डोंगरातल्या माणसांना सक्तीने हमाल म्हणून जुंपले गेले. पायथ्याच्या हिवतापी जंगलांतून ओझी वाहताना व रस्त्याच्या कामावर कित्येकांचे प्राण गेले. किनाऱ्याजवळून दालातपर्यंतची दातेरी रुळांची रेल्वे पुरी झाली ती १९३२ साली. तोवर बराच भार माणसांच्या पाठीवरूनच वर गेला होता.

उंचीचे माप बरोबर निघाले आणि तापमानाचा अंदाजही. पण ‘येथे आधीपासून कोण राहते, आणि ही थंड हवा कोणाच्या श्रमांनी मिळणार?’ हा पाचवा प्रश्न कोणी यादीत घातलाच नाही. मग त्याचे उत्तर मोजणार तरी कोण? उद्या तुमच्यापैकी कोणी अभियंता होऊन धरणाची, रस्त्याची किंवा कारखान्याची जागा पाहायला जाईल. तेव्हा वायुभारमापकाबरोबर हा पाचवा प्रश्नही सोबत असू द्या.