शर्कराकंद आणि तणनाशक: काही रूढ गैरसमज

पंजाब आणि हरियाणा या दोन्ही राज्यांच्या शेतीचे हुकूम ज्या चंडीगढाच्या दप्तरांतून सुटतात, तेथे शुगरबीट अर्थात शर्कराकंदाच्या तणनाशक-सहिष्णू संकरित वाणांचा विषय निघाला की ‘संकरित’ म्हणजे परके जनुक घातलेले बियाणे, असे गृहीत धरले जाते. वस्तुतः अमेरिकन संशोधक ओवेन यांनी १९४५ साली या पिकातील नरवंध्यतेचे वर्णन केले आणि संकराची वाट मोकळी झाली. जनुक-अभियांत्रिकीचा तेव्हा जन्मही झालेला नव्हता.

सहिष्णुतेचे मार्गही दोन आहेत. अमेरिकेत २००८ पासून व्यापारी प्रमाणावर पेरल्या जाणाऱ्या ग्लायफोसेट-सहिष्णू बिटात जिवाणूचे जनुक आहे. उलट ‘कॉन्व्हिसो स्मार्ट’ वाणांतील गुण नैसर्गिक उत्परिवर्तनातून निवडलेला आहे. आपल्याकडील पुसा बासमती १९७९ आणि १९८५ या भाताच्या तणनाशक-सहिष्णू वाणांतही परके जनुक नाही.

हा सारा खटाटोप केवळ कंपन्यांच्या नफ्यासाठी, हे म्हणणे अर्धसत्य होय. नफा आहेच, परंतु रब्बीतले चिवट तण जो चाकवत, तो शर्कराकंदाच्याच कुळातला असल्यामुळे एकास मारून दुसऱ्यास अभय देणारे औषध दुर्मीळ, आणि कोवळे बीट पहिले कित्येक आठवडे इतके मंद वाढते की तेवढ्यात तण सारे शेत बळकावून बसते.

साखरेत जनुक उतरते, ही भीती मात्र निराधार आहे: शुद्ध साखर उसाची असो वा बिटाची, ती सुक्रोजच, आणि शुद्धीकरणात प्रथिने व डीएनए निघून जातात.

सर्वांत महागात पडणारा समज, असे वाण आले की तण संपले, हा होय. गव्हातील गुल्लीडंडा हे तण १९९०च्या दशकाच्या आरंभीच याच मुलखात आयसोप्रोट्युरॉन या तणनाशकाला जुमानेनासे झाले, आणि त्यासाठी सहिष्णू वाणाची गरजही पडली नाही; एकाच औषधाचा वर्षानुवर्षे चाललेला मारा त्यास पुरेसा ठरला. पिकाची फेरपालट आणि खुरपणी यांपासून सुटका देणारे वाण अद्याप कोणी काढलेले नाही.

राहिला कायदा. जनुकपरिवर्तित शर्कराकंदाच्या लागवडीस भारतात परवानगी नाही, आणि पंजाब सरकारने २०१८ साली ग्लायफोसेटच्या विक्रीसही मनाई केली. तेव्हा त्या जातीचे बी कोणी गुपचूप गळ्यात घातले, तर ते बी आणि त्याच्या जोडीचे औषध, दोन्ही पंजाबच्या शेतकऱ्यास चोरवाटेनेच घ्यावी लागतील.