सॉफ्टबॉल : नाव मऊ, चेंडू टणक!

बालमित्रांनो, मोरा बंदरावर काय किंवा अख्ख्या उरण तालुक्यात काय, मोकळी जागा दिसली की आपण टेनिसचा चेंडू काढतो आणि क्रिकेट सुरू! पण शाळेच्या संघातून सॉफ्टबॉल खेळायचं ठरलं, तर हा चेंडू चालेल का? अजिबात नाही. सॉफ्टबॉलच्या चेंडूचे स्वतःचे नियम आहेत, आणि ते फार मजेशीर आहेत, बरं का!

आधी नावाची गंमत ऐका. १८८७ साली अमेरिकेतल्या शिकागो शहरात एका क्लबात जॉर्ज हँकॉक यांनी मुष्टियुद्धाचा हातमोजा दोरीने बांधून त्याचाच चेंडू केला आणि काठीने टोलवायचा खेळ सुरू झाला. म्हणजे पहिला चेंडू खरोखरच मऊ होता! १९२६ साली 'सॉफ्टबॉल' हे नाव सुचवलं गेलं. पुढे चेंडू लहान आणि टणक झाला, नाव मात्र मऊच राहिलं.

आता माप. मोठ्या गटातल्या चेंडूचा घेर १२ इंच, म्हणजे सुमारे ३०.५ सेंटिमीटर. फरक चालतो तो फक्त एक अष्टमांश इंचाचा, म्हणजे जेमतेम तीन मिलिमीटर! वजन १७७ ते १९८ ग्रॅम. टेनिसचा चेंडू साठ ग्रॅमसुद्धा भरत नाही. म्हणजे हा त्याच्या तिप्पट जड. अमेरिकेत दहा वर्षांच्या आतल्या मुलींना ११ इंची चेंडू देतात. का? लहान हाताच्या मुठीत तो नीट बसावा म्हणून.

पण दोन चेंडू मापाने आणि वजनाने सारखे असले, तरी एक जास्त टणक असू शकतो. म्हणून अमेरिकेतल्या हायस्कूलच्या नियमांत आणखी दोन कसोट्या आहेत. पहिली उसळीची : चेंडू कठीण पृष्ठभागावर १०० च्या वेगाने आपटला, तर ४७ पेक्षा जास्त वेगाने परत यायला नको. दुसरी टणकपणाची : चेंडू पाव इंच दाबायला ३७५ पौंडांपेक्षा, म्हणजे सुमारे १७० किलोंपेक्षा जास्त जोर लागता कामा नये. रंग झगझगीत पिवळा आणि शिवण लाल. धुळीतही चेंडू चटकन दिसायला हवा ना!

एवढी काटेकोर मापं कशासाठी? याला दोन कारणं आहेत. पहिलं न्यायाचं. चेंडू जास्त उसळला तर साधा फटकाही लांब जातो. मग जिंकला कोण, खेळाडू की चेंडू? दुसरं कारण जिवाच्या काळजीचं. मुलींच्या खेळात पिचर सुमारे १३ मीटरांवरून चेंडू टाकते. ताशी १०० किलोमीटर वेगाने आलेला चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आत फलंदाजापाशी पोचतो! तो भलताच टणक असेल, तर डोळ्याचं, दाताचं काय होईल?

आपल्या महाराष्ट्रात शालेय सॉफ्टबॉल स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत होतात. जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या चढत जायच्या. वर्षभर टेनिसच्या चेंडूने सराव केला आणि स्पर्धेत एकदम हा जड चेंडू अंगावर आला, तर हात घाबरतो. म्हणून आई-बाबांनो, महाग वाटला तरी संघात दोन-तीन मुलांनी मिळून एक खरा चेंडू घ्या. त्यावर १२ इंचाचा शिक्का आहे का, ते पाहा. आणि ग्लोव्ह व हेल्मेटशिवाय मुलांना त्या चेंडूसमोर उभं करू नका.

आता तुम्हीच पंच व्हा! चेंडूच्या सगळ्यात फुगीर भागावर दोरा गुंडाळा, टोकं जुळतील तिथे कापा आणि फूटपट्टीवर ठेवा. दोरा बरोबर एक फूट भरला पाहिजे! मग वाण्याच्या काट्यावर वजन करा. शिवण उसवलेला, चेपलेला किंवा पावसात भिजून जड झालेला चेंडू बाजूला ठेवा.

आणि हो, ही तपासणी आपल्या संघाच्या चेंडूपासून सुरू करायची. चेंडू दोघांना सारखा मिळाला, की जिंकणाराही खूश आणि हरणाऱ्याचीही तक्रार नाही. खरं की नाही?