सांध्यातील कूर्चेची झीज आणि चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमांकन

प्रस्तावना :
गुडघेदुखीचे निदान करताना बहुधा क्ष-किरण छायाचित्राचा आधार घेतला जातो. परंतु त्यात हाडे दिसतात, हाडांच्या टोकांवरील कूर्चा दिसत नाही. दोन हाडांमधील अंतर कमी झाले, की कूर्चा झिजली असावी असे केवळ अनुमान काढले जाते. कूर्चेत रक्तवाहिन्या व चेतातंतू नसल्यामुळे आरंभीची झीज दुखत नाही आणि झालेली हानी सहसा भरून येत नाही. म्हणूनच ही झीज वेळीच ओळखण्याच्या दृष्टीने चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमांकन, म्हणजेच एम. आर. आय., किती उपयुक्त आहे याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

तपासणीचे तत्त्व :
कूर्चेचा सुमारे ६५ ते ८० टक्के भाग पाण्याचा असतो. कोलॅजेन तंतूंचे जाळे तिला बळकटी देते, तर ऋण विद्युतभार असलेले प्रोटिओग्लायकन रेणू पाणी धरून ठेवतात. एम. आर. आय.मध्ये मुख्यतः पाण्यातील व मेदातील हायड्रोजनच्या अणुकेंद्रांकडून संकेत मिळतो. त्यामुळे कूर्चेची जाडी व तिला पडलेल्या भेगा प्रत्यक्ष पाहता येतात. झिजेच्या पहिल्या टप्प्यात मात्र जाडी फारशी न बदलता प्रोटिओग्लायकन घटतात व तंतूंचे जाळे विस्कटू लागते. हे बदल टिपण्यासाठी विशेष पद्धती विकसित झाल्या आहेत. टी-२ मापनातून पाण्याचे प्रमाण व तंतूंची मांडणी यांतील बदल लक्षात येतात. दुसऱ्या एका पद्धतीत ऋणभारित गॅडोलिनियम संयुग शिरेतून दिले जाते. निरोगी कूर्चेतील ऋणभार त्याला दूर सारतो. जेथे प्रोटिओग्लायकन घटले आहेत, तेथे ते अधिक प्रमाणात शिरते. मूत्रपिंडाचा गंभीर विकार असलेल्या रुग्णांत मात्र अशा संयुगांबाबत विशेष सावधगिरी बाळगावी लागते.

मर्यादा :
अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम येथील अभ्यासाचे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. क्ष-किरण तपासणीत संधिझीज न आढळलेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या ७१० व्यक्तींपैकी ८९ टक्के व्यक्तींच्या गुडघ्यांत एम. आर. आय.द्वारे कोणता ना कोणता दोष आढळला. वेदना असणाऱ्या व नसणाऱ्या व्यक्तींमध्ये हे प्रमाण फारसे भिन्न नव्हते. याचा अर्थ, प्रतिमेतील प्रत्येक दोष हे दुखण्याचे कारण मानता येत नाही.

निष्कर्ष :
कूर्चेची झीज थांबविणारे मान्यताप्राप्त औषध अद्याप उपलब्ध नाही. वजनावर नियंत्रण आणि स्नायूंना बळ देणारा व्यायाम हेच उपचाराचे मुख्य आधार आहेत व त्यांसाठी ही खर्चिक तपासणी दरवेळी आवश्यक नसते. नवीन औषधांचा परिणाम पारखण्यासाठी मात्र तिचे मोल मोठे आहे. प्रतिमा रुग्णाच्या तक्रारीशी व शारीरिक तपासणीशी ताडून पाहिली, तरच ती निदानास उपकारक ठरते.