थरथरणाऱ्या हातावर ध्वनीचा उपचार

हात थरथरणे हा म्हातारपणाचा धर्मच होय, अशी समजूत आपल्या घराघरांतून रूढ आहे. त्यामुळे आजोबांच्या बशीतला चहा सांडू लागला, आजीच्या हातातले निरांजन हिंदकळू लागले, तरी घरची माणसे तिकडे काणाडोळा करतात. आणि ज्यांना हा त्रास आहे ते हळूहळू चारचौघांत जाणेच टाळू लागतात. समारंभाला येतात, पण पंगतीला बसत नाहीत. बँकेत सही जुळत नाही म्हणून मुलाला बरोबर न्यावे लागते. हा विकार सहसा जीव घेत नाही, पण माणसाचे स्वावलंबन मात्र घेतो. महोत्सवाच्या या स्मरणिकेत आम्ही हा विषय घेतला तो दोन कारणांनी. या विकारावर उपाय आहेत हे पुष्कळांना ठाऊक नसते, हे एक. आणि चिरफाडीवाचून कंप घालविणाऱ्या नव्या उपचाराच्या बातम्या आता कानी येतात, त्यांत तथ्य किती हे समजून घेणे अगत्याचे आहे, हे दुसरे.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, सर्व कंप एकाच जातीचे नसतात. हात मांडीवर स्वस्थ ठेवला असता थरथरतो, आणि त्याबरोबर हालचाली मंदावतात, अंग ताठरते, तो बहुधा कंपवात असतो. इंग्रज वैद्य जेम्स पार्किन्सन यांनी 1817 साली त्याचे वर्णन केले, म्हणून त्याला पार्किन्सनचा विकार म्हणतात. याउलट हात स्वस्थ असता स्थिर राहतो, पण पेला उचलताना किंवा लेखणी धरताना कापू लागतो, त्या विकाराला डॉक्टर 'इसेन्शियल ट्रेमर' म्हणतात. हा पुष्कळदा आनुवंशिक असतो आणि तरुणपणीही सुरू होऊ शकतो. याखेरीज थायरॉईड ग्रंथीच्या अतिरेकाने किंवा काही औषधांमुळेही हात कापतात. तेव्हा निदान न करता 'वयोमानाने होते' म्हणून सोडून देणे बरे नव्हे.

इसेन्शियल ट्रेमरवर प्रथम औषधेच देतात. प्रोप्रानोलॉल व प्रिमिडोन ही त्यांतली प्रमुख. अनेकांचे त्यांवर भागते. पण काहींना गुण येत नाही, काहींना ती सोसत नाहीत, आणि दमेकऱ्यांना तर प्रोप्रानोलॉल देताच येत नाही. अशांसाठीच पुढचा विचार करावा लागतो.

मेंदूच्या गाभ्यात थॅलॅमस नावाचे केंद्र आहे. हालचालींसंबंधीचे संदेश त्यातून जातात. तेथील एका लहानशा भागातून अवेळी, ठेक्यात येणारे संदेश हाताला कंप आणतात. तो मार्ग तेवढ्यापुरता तोडला की कंप ओसरतो. यासाठी पूर्वी कवटीला छिद्र पाडून आत सळई घालीत. 1987 साली फ्रान्समधील ग्रनोबल येथे डॉ. बेनाबिद व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच जागी विजेची तार ठेवून सतत सूक्ष्म प्रवाह देण्याची पद्धत सुरू केली. ती आजही उत्तम मानली जाते. पण तीतही कवटीला छिद्र पाडावे लागते आणि छातीच्या कातडीखाली बॅटरी बसवावी लागते.

हेच काम ध्वनीकडून कसे करून घेतात? भिंगाने सूर्यकिरण एका बिंदूवर आणले की कागद पेटतो, हा खेळ आपण सर्वांनी लहानपणी केला आहे. कानाला ऐकू न येणाऱ्या श्राव्यातीत ध्वनिलहरीही तशाच एका बिंदूवर आणता येतात. वाटेतल्या भागाला इजा होत नाही; जेथे सर्व लहरी मिळतात तेथेच उष्णता उत्पन्न होते. ही कल्पना जुनीच आहे. अमेरिकेत विल्यम व फ्रान्सिस फ्राय या बंधूंनी 1950 नंतरच्या दशकात तिच्यावर पुष्कळ काम केले, आणि डॉ. रसेल मायर्स यांच्या सहकार्याने रुग्णांवर उपचारही केले. पण कवटीचे हाड ध्वनी शोषून घेते व त्याची दिशा मोडते. म्हणून तेव्हा हाडाचा तुकडा काढूनच लहरी सोडाव्या लागत.

ही अडचण पुढे संगणकाने दूर केली. लेझीम खेळताना प्रत्येकाचे पाऊल एकाच ठोक्याला पडावे लागते. तसेच येथेही आहे. शिरस्त्राणासारख्या उपकरणात 1024 ध्वनिजनक बसविलेले असतात. रुग्णाच्या कवटीचे सी. टी. चित्र पाहून, कोणत्या लहरीला हाडातून जाताना किती विलंब लागेल याचा हिशेब संगणक करतो, आणि सर्व लहरी एकाच वेळी ठरल्या जागी पोचतील अशा सोडतो.

उपचाराच्या दिवशी डोक्याचे केस पूर्ण काढतात, डोके चौकटीत घट्ट बसवितात, आणि त्वचा तापू नये म्हणून भोवती थंड पाणी खेळवितात. रुग्ण एम. आर. आय. यंत्रात पूर्ण जागा असतो. आतील तापमान डॉक्टरांना पडद्यावर दिसत असते. प्रथम मंद उष्णता देऊन जागा बरोबर आहे की नाही ते पाहतात. रुग्णाला जिलबीसारखी वळणाची रेघ काढावयास सांगतात. रेघ सुधारली आणि जीभ जड होणे, हात बधिर होणे असे काही घडले नाही, तरच उष्णता सुमारे 55 ते 60 अंश सेल्सिअसपर्यंत नेतात. तेव्हा काही मिलिमीटरांचा तो ठिपका कायमचा निकामी होतो. मेंदूच्या डाव्या बाजूस उपचार केला असता उजव्या हाताला गुण येतो.

गुण किती येतो? 2016 साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या नियतकालिकात डॉ. इलायस व सहकाऱ्यांनी 76 रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. खरा उपचार झालेल्यांच्या हाताचा कंप तीन महिन्यांनी सरासरी 47 टक्क्यांनी कमी झाला. ज्यांच्यावर केवळ उपचाराचा देखावा केला, त्यांच्यात जवळजवळ फरक पडला नाही. त्याच वर्षी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एका बाजूच्या उपचारास मान्यता दिली. कंपप्रधान पार्किन्सनसाठी 2018 साली, आणि इसेन्शियल ट्रेमरमध्ये किमान नऊ महिन्यांच्या अंतराने दुसऱ्या बाजूसाठी 2022 साली ती मिळाली.

मात्र नाण्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. याच पाहणीत सुरुवातीस तिघांपैकी एकाहून अधिक जणांना चालताना तोल जाण्याचा किंवा बधिरतेचा त्रास झाला. पुष्कळांचा तो ओसरला. तरी वर्षानंतरही 9 टक्क्यांना चालण्याची अडचण व 14 टक्क्यांना बधिरता राहिली होती. काहींचा कंप काळाने थोडाबहुत परततो. विजेची तार बंद करता येते, पण हा ठिपका पुसता येत नाही. काहींच्या कवटीची घडणच ध्वनीला वाट देत नाही; ज्यांना एम. आर. आय. वर्ज्य आहे, त्यांनाही हा मार्ग बंद आहे. शिवाय पार्किन्सनच्या रुग्णाची थरथर याने कमी झाली, तरी मूळ रोग हटत नाही.

भारतात ही सोय मोजक्याच ठिकाणी आहे आणि ती खर्चाची आहे. म्हणून सभासदांना आमचे सांगणे एवढेच की, प्रथम मज्जाविकारतज्ज्ञाकडून निदान करून घ्यावे, औषधे पुरेशा मात्रेत घेऊन पाहावीत, आणि मगच तार की ध्वनी याचा विचार करावा. गुणाबरोबर धोक्याचीही विचारणा करावी. आणि निर्णय ज्याचा हात कापतो त्याचाच असावा, मुलांनी तो परस्पर घेऊ नये. तोवर पंगतीत अशा वडीलधाऱ्यांपुढे आमटीची वाटी अर्धीच भरावी, शेजारी चमचा ठेवावा, आणि त्यांच्या हाताकडे न पाहता त्यांच्याशी बोलावे. एवढ्यासाठी कोणत्याही यंत्राची गरज नाही.